फराळ घ्या, फरशी सोडा!

दिवाळीत आपल्या घरी आलेला पाहुणा प्रथम काय करतो, हे तुम्ही कधी नीट पाहिले आहे काय? तो चपला काढतो, आकाशकंदिलाचे कौतुक करतो, चिवड्याची बशी हातात घेतो, आणि पहिला घास तोंडात असतानाच मान वर करून छताकडे पाहतो. मग मान खाली घालून फरशीकडे पाहतो. मग बशी टेबलावर ठेवून उठतो, भिंतीपाशी जातो आणि बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करतो. डॉक्टरने रोग्याच्या पाठीवर करावी तशी! आणि डॉक्टरच्याच गंभीर आवाजात निदान सांगतो, "ही भिंत काढून टाका. हॉल केवढा मोठा होईल!"

बिचाऱ्या घरधन्याने धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीच त्या भिंतीला रंगाचा दुसरा हात दिलेला असतो. रंगाचा वासही अजून गेलेला नसतो. आणि ज्या भिंतीसाठी त्याने बोनसचा निम्मा भाग खर्च केला, ती मुळात तिथे असायलाच नको होती, हे त्याला ऐन पाडव्याच्या दिवशी कळते!

माझे भांडण या टकटकीशी आहे. दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या घराची फेररचना करण्याचा जो छंद आपल्याकडे बोकाळला आहे, त्याला आपण आपुलकी म्हणतो. मी त्याला आगाऊपणा म्हणतो. हे मी तटस्थपणे लिहीत नाही, हेही आधीच सांगून टाकतो. मी स्वतः हा गुन्हा केला आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली आहे. ती हकीकत पुढे येईलच.

सल्ल्याला पैसे पडत नाहीत, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. देणाऱ्याला पडत नाहीत! घेणाऱ्याला मिस्त्रीची मजुरी पडते, सिमेंट पडते, रेती पडते, मलबा उचलून नेणाऱ्या गाडीचे भाडे पडते, आणि चार महिने घरभर धूळ खावी लागते ती वेगळीच. शिवाय पाहुणा गेल्यावर घरात जो वाद पेटतो, त्याचा हिशेब कोण ठेवतो? "मी केव्हाची सांगतेय, तर माझं ऐकलं नाही, आज ते बोलले तर लगेच पटलं!" या एका वाक्याने किती घरांची भाऊबीज कडू झाली असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

पण माझा मुख्य आक्षेप खर्चाचा नाही, अज्ञानाचा आहे. घर कळायला त्यात बारा महिने राहावे लागते. पाहुणा मात्र बारा शंकरपाळे खाऊन मत देतो. आणि तो येतो केव्हा? दिवाळीत! नागपूरच्या वर्षातले हे सर्वांत सोज्वळ पंधरा दिवस. ऊन कोवळे, हवा कोरडी, रात्री अंगावर पातळ पांघरूण घ्यावे इतकीच थंडी. या दिवसांत नागपूरचे कोणतेही घर चांगलेच वाटणार. त्या घराची परीक्षा होते ती मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता आणि पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री. आणि त्या दोन्ही वेळी पाहुणा आपापल्या घरी असतो.

हे नागपूर आहे, महाराज! येथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २०२४ च्या मे अखेरीस तर येथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. पुढे तो यंत्राचा दोष असल्याचे हवामान खात्याने सांगितले खरे. पण तोवर आम्हा नागपूरकरांना त्या आकड्यात फारसे अशक्य असे काही वाटले नव्हते! येथे वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो मुख्यतः चार महिन्यांत पडतो. आणि शहराच्या पुष्कळशा भागांत घराखाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर उभे असलेले घरही तिच्याबरोबर थोडेसे श्वास घेते. अशा गावात मुंबई-पुण्याचे कपाट उघडून त्यातला सल्ला जसाच्या तसा काढून देणे म्हणजे कोकणातल्या माणसाची छत्री राजस्थानातल्या माणसाला भेट देणे होय. वस्तू चांगली, गाव चुकले.

आता या सल्लागारांच्या जाती पाहा.

पहिली जात भिंतपाड्यांची. यांना भिंत दिसली की चैन पडत नाही. जुन्या वस्त्यांतल्या पुष्कळ घरांत स्लॅबचा भार खांबांवर नसून भिंतींवरच असतो, आणि नऊ इंची भिंत म्हणजे नुसता पडदा नव्हे, हे त्यांच्या गावी नसते. कोणती भिंत भार घेते आणि कोणती घेत नाही, हे टकटक करून कळत नाही. त्यासाठी बांधकामाचा नकाशा लागतो आणि तो वाचणारा इंजिनियर लागतो.

दुसरी जात काचवाल्यांची. "केवढी काळोखी खोली! पश्चिमेला मोठी खिडकी फोडा, सगळी काच लावा. संध्याकाळचा सूर्यास्त काय सुंदर दिसेल!" सूर्यास्त सुंदर दिसेल यात शंका नाही, पण सूर्यास्ताआधी तीन तास सूर्य असतो, आणि तो मे महिन्यात त्या काचेतून घरात येऊन बसतो, त्याचे काय? महाल आणि इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, आतला चौक, लहान खिडक्या. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांचे खोल व्हरांडे आणि उंच छते. ही काही काळोखाच्या आवडीपायी केलेली नाहीत. मराठा सरदाराने बांधो की इंग्रज साहेबाने, या उन्हाने दोघांनाही एकच धडा शिकवला होता. तो धडा आज आपण चिवडा चघळता चघळता पुसून टाकतो.

तिसरी जात दिशावाल्यांची. ही सर्वांत घातक. कारण ती घराला नव्हे, मनाला तडा पाडते. "स्वयंपाकघर वायव्येला? मग बरोबर आहे, घरात पैसा टिकत नाही तो!" मयमत, मानसार या वास्तुविषयक जुन्या ग्रंथांबद्दल मला आदर आहे, पण ते जमीन कशी निवडावी, मापे कशी घ्यावीत, असे घर बांधण्यापूर्वीचे बोलतात. तीस वर्षे नांदत्या घरात शिरून, कर्ज फेडत असलेल्या माणसाला त्याचे दुःख कोणत्या कोपऱ्यात आहे ते बोटाने दाखवावे, असे शहाणपण कोणत्याही ग्रंथाला शोभणार नाही. पाहुणा बोलून जातो. त्यानंतर घरातले मूल तापाने फणफणले तरी आईची नजर त्या कोपऱ्याकडे जाते. ही भीती कोणत्या रंगाने झाकणार?

आणि गंमत अशी की, स्वयंपाकघराविषयीचा हा सल्ला नेहमी पुरुषाने पुरुषाला दिलेला असतो. ओटा कोणत्या भिंतीला हवा, किती उंच हवा, खिडकी कोठे हवी, हे जिला दिवसातून तीन वेळा तेथे उभे राहून कळलेले असते, ती त्या वेळी आत करंज्या तळत असते. तिला कोणी विचारीत नाही.

चौथी जात बागवाल्यांची. "नागपुरात राहता आणि दारात संत्र्याचे झाड नाही?" असे म्हणून हे यजमानाला शरमिंदे करतात. संत्र्याचे डोळे जंभेरीच्या खुंटावर बांधतात, त्याला निचऱ्याची जमीन लागते, चिकण काळ्या मातीत पाणी साचून राहिले तर डिंक्या रोग लागून झाड जाते, हे त्यांना कोठे ठाऊक! त्यांनी संत्री पाहिलेली असतात ती टोपलीत. त्याहून कडेलोट म्हणजे हिरवळीचा आग्रह. "भिंतीला लागून मस्त लॉन करा." साहेबाच्या ओल्या देशातली ही हिरवळ आपल्या बोडक्या उन्हाळ्यात जगवायची, तर तिला रोज पाणी पाजावे लागते. आणि काळ्या मातीत घराच्या एकाच अंगाला रोज पाणी मुरू लागले की, तेवढ्याच अंगाची माती फुगते, दुसऱ्या अंगाची कोरडी राहते, आणि भिंतीला तिरकी भेग पडते. मग पुढच्या दिवाळीला तोच पाहुणा येऊन त्या भेगेवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "बांधकाम कच्चं दिसतंय!"

पाचवी जात फरशीवाल्यांची. या जातीचा मी स्वतः.

आमचे एक स्नेही पश्चिम नागपुरातल्या एका जुन्या ले-आउटमध्ये राहतात. घर लहान, पण पुढे पाचसहाशे चौरस फुटांचे मातीचे अंगण, आणि अंगणाच्या पश्चिम कडेला एक मोठा कडुनिंब. त्याच्याखाली त्यांच्या वडिलांची बाज. म्हातारबा संध्याकाळी पाच वाजता बाजेवर येऊन बसायचे ते रात्रीच्या जेवणापर्यंत. रस्त्याने जाणारा-येणारा त्यांच्याशी दोन शब्द बोलून जायचा. आठनऊ वर्षांपूर्वी दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो. आदल्या आठवड्यात पाऊस झालेला होता. माझ्या नव्या जोड्याला चिखल लागला. एवढेच निमित्त! मी चकलीचा तुकडा मोडत म्हणालो, "हे काय हो, अजून मातीचंच अंगण! सरळ गट्टू लावून टाका. चिखल नाही, पाचोळा झाडायला सोपा, आणि गाडीही आत उभी राहील."

मित्र भिडस्त. त्याने माझा सल्ला मनावर घेतला. त्या उन्हाळ्यात ठेकेदार आला. त्याने अर्धा-पाऊण फूट खणून अंगण सपाट केले, वरवरची मुळे तोडली, खाली काँक्रीटचा थर दिला आणि कडुनिंबाच्या बुंध्याला अगदी चिकटवून गट्टू बसवले. पुढच्या दिवाळीला मी ते पाहिले आणि म्हणालो, "वा! आता कसं घर वाटतं!"

झाडाची मुळे नुसते पाणी पीत नाहीत, त्यांना हवाही लागते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतल्या झाडांबाबत, बुंध्याभोवतालची एक मीटर जागा काँक्रीटपासून मोकळी करा, असा आदेश दिला होता. म्हणजे मी सल्ला दिला तेव्हा हे ज्ञान काही गुप्त नव्हते. मी फक्त ते मिळवण्याची तसदी घेतली नव्हती. चौथ्या वर्षी कडुनिंबाचा शेंडा वाळला. पाचव्या वर्षी एक फांदी मोडून कंपाउंडवर पडली. आपल्याकडे १९७५ च्या कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला परवानगी लागते. मित्राने रीतसर अर्ज करून ती मिळवली आणि ते वाळके झाड उतरवले. त्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या खोलीची भिंत रात्री दहापर्यंत हाताला गरम लागू लागली. कूलरने भागेना, म्हणून एसी आला; एसी आला म्हणून विजेचे बिल आले. आणि म्हातारबांची बाज आत गेली. तापलेल्या गट्टूंवर संध्याकाळी कोण बसणार?

पुढे २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट आली. नागपूरकर ती विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. आता त्या पुराचे खापर मी कोणाच्या अंगणावर फोडणार नाही. त्याची कारणे फार मोठी होती. काळी माती पाणी सावकाश पिते, हेही खरे. पण साधा हिशेब करा. सहाशे चौरस फुटांच्या अंगणावर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे साडेपाच हजार लिटर पाणी. मातीच्या अंगणाने त्यातले थोडे तरी पोटात घेतले असते, थोडे खळग्यांत अडवले असते. सिमेंटच्या अंगणाने जवळजवळ सगळे पुढे ढकलले. कोठे? गट्टूंच्या थरांनी अंगण उंच होऊन ओट्याच्या बरोबरीला आलेले होते. पाणी सरळ घरात. मित्राने त्या पहाटे गुडघ्यावर बसून, जुन्या चादरींनी ते पाणी उपसले. मी माझ्या तिसऱ्या मजल्यावर निवांत झोपलो होतो.

या माणसाने मला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. दिवाळीला गेलो की बशी पुढे करतो आणि म्हणतो, "गाडी मस्त उभी राहते ना पण!" हे तो उपहासाने म्हणत नाही, माझ्या समाधानासाठी म्हणतो. तेच मला सहन होत नाही.

आता कोणी विचारील, मग मित्राने मित्राच्या घरी तोंड उघडूच नये की काय? नुसते 'छान, छान' म्हणून करंजी खाऊन निघावे? मुळीच नाही! उलट माझी खरी तक्रार हीच आहे की, जेथे बोलायला हवे तेथे आपण मिठाची गुळणी धरतो. नागपुरात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. पत्र्याचा कूलर, आत पाणी, शेजारी ओल्या हातांची मुले, आणि भिंतीतल्या खटक्याला अर्थिंगचा पत्ता नाही! त्याच कूलरला टेकून बसून आपण फॉल्स सीलिंगवर प्रवचन देतो. दिवाळीच्या माळेची वायर दोन ठिकाणी उघडी आहे, ती ओल्या ग्रिलवरून नेली आहे. आपल्याला ती दिसते, पण आपण बोलतो पडद्याच्या रंगावर. कारण पडद्यावर बोलले की आपली अभिरुची दिसते. वायरवर बोलले की काय दिसणार?

म्हणून मी एक साधा नियम सुचवतो. जिवाला धोका असेल तेथे पाहुण्याने न विचारता बोलावे, लगेच बोलावे, आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत घरी जाऊ नये. धोका नसेल तेथे विचारल्याशिवाय बोलू नये. आणि विचारले तरी, जो सल्ला चुकल्यास परत फिरवता येतो तेवढाच द्यावा. गच्चीला उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात द्या, खोली थोडी निवेल. हा सल्ला खुशाल द्या. चुकला तर पावसात धुऊन जाईल. गच्चीचे पाणी पन्हळीने ड्रममध्ये घ्या, हेही सांगा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर येथे वर्षाला एक लाख लिटर पाणी पडते, त्यातले थोडे वाचले तरी कुंड्या जगतील. नाही जमले तर ड्रम पुन्हा धान्याला लावता येईल. पण झाड तोडणे, विहीर बुजवणे, भिंत पाडणे, माती झाकणे, या चार गोष्टींत पाहुण्याने पडू नये. त्या करायला एक आठवडा पुरतो. फिरवायला वीस वर्षेही पुरत नाहीत. त्यांचा निर्णय त्या घरात राहणाऱ्यांनी, जाणकाराला रीतसर विचारून, आपल्या जबाबदारीवर घ्यावा.

यजमानांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. "कसं वाटलं घर?" हा प्रश्न तुम्ही विचारता तो सल्ल्यासाठी नव्हे, स्तुतीसाठी, मग सल्ला मिळाला की तोंड पाडता, आणि भिडेपोटी तो अमलातही आणता! घर तुमचे आहे. पाहुण्याला लाडू द्या, चहा द्या. अंगणाचे मुखत्यारपत्र देऊ नका.

गेल्या दिवाळीला मी मित्राकडे गेलो तेव्हा मनाशी धडा करून गेलो होतो. म्हातारबा आतल्या खोलीत बाजेवर पडून होते. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळे कबूल केले. गट्टूंचे, झाडाचे, सारे. ते ऐकत राहिले. मग माझी जुनी खोड उफाळून आली. मी म्हणालो, "बाबा, असं केलं तर? बुंधा होता तिथले गट्टू काढायचे, खालचं काँक्रीट फोडायचं, चांगलं दोन मीटरचं आळं करायचं, आणि..."

म्हाताऱ्याने हात वर केला. "सांगणं पुरे झालं ना बाप्पा आता," ते म्हणाले. "फावडं घेऊन ये."

मी गेलो. मित्र आणि मी दोन रविवार घण आणि पहार चालवत होतो. माझ्या तळहाताला फोड आले. काँक्रीट निघाले, खाली काळी माती निघाली, तिला अनेक वर्षांनी ऊन लागले. गेल्या पावसाळ्यात आम्ही तेथे कडुनिंबाचे हातभर रोप लावले. त्याची सावली म्हातारबांना मिळणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. तरी रोज सकाळी ते काठी टेकत बाहेर येतात आणि त्याला तांब्याभर पाणी घालतात.

तेव्हा मंडळी, या दिवाळीत एकमेकांकडे अवश्य जा. चकली मोडा, चिवडा फस्त करा, रांगोळीचे कौतुक करा. आणि यजमानाच्या अंगणाकडे पाहून काही बोलावेसे वाटलेच, तर आधी स्वतःला एवढेच विचारा : हे करायची वेळ आली, तर मी फावडे घेऊन येणार आहे का? येणार असाल तर बोला. नसाल तर अनारसे छान झाले आहेत. आणखी एक घ्या.